१९६४ नंतरची उम्म कुलसूम: गाणं लांबलं, तरब आटला?

अर्धकोमल

इजिप्तची गायिका उम्म कुलसूम ऐक म्हटलं की नवखा माणूस थेट 'इन्ता ओमरी' लावतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. माझं मत असं की १९६४ मध्ये हे गाणं आलं आणि बाईंची खरी कला, म्हणजे तरब (गाण्यातून श्रोत्यांना चढणारी धुंदी), उतरणीला लागली. मोहम्मद अब्देल वहाब आणि त्या, कैरोतले दोन सर्वांत मोठे गवई, आयुष्यभर वेगवेगळ्या वाटांनी गेलेले. एकत्र आले तेव्हा 'ढगांची भेट' म्हणून गाजावाजा झाला. पाऊस मात्र इलेक्ट्रिक गिटारचा पडला.

चाल कुर्द मकामात आहे (मकाम म्हणजे अरबी संगीतातली रागासारखी स्वरचौकट). पेटीवर रे, ग, ध, नि कोमल धरून सप्तक वाजवा, कुर्दची पट्टी हाताशी येते (आपला भैरवी थाट). यात पाव स्वरांची भानगड नाही, म्हणून पडदे ठोकलेली गिटार त्यात सुखाने बसते. रास्त मकामाचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या साधारण मधोमध असतो, बयाती मकामात तीच गत रिषभाची. हे सूर पेटीत नाहीत, नेहमीच्या गिटारमध्येही नाहीत. औदला (छेडून वाजवायचं अरबी तंतुवाद्य) मुळात पडदेच नसतात. कानूनला (स्वरमंडळासारखं वाद्य) तारांच्या प्रत्येक जुडग्याखाली बारीक कळा असतात, त्या उचलल्या की सूर हवा तेवढा सरकतो. थोडक्यात, आधी मकाम आणि मग वाद्य हा क्रम इथे उलटा झाला.

दुसरी गोष्ट प्रस्तावनेची. बाई खुर्चीत बसून आणि वृंद कितीतरी मिनिटं आपल्याच नादात. संगीतकार सुनबातींचं 'या जालिमनी' कधी ४५ मिनिटांत संपे, कधी ९० मिनिटं चाले, आणि ते समोरच्या श्रोत्यांवर ठरे. वहाबांच्या गाण्यात लांबी आधीच शिवून ठेवलेली असते.

कळ_उचल

कुर्द-गिटारचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. गिटारचं काम मुख्यतः प्रस्तावनेत आणि मधल्या वाद्यखंडांत आहे. बाईंच्या ओळीभोवती व्हायोलिनं, कानून, 'ने' (बासरीसारखं वाद्य) हेच असतात. चालही कुर्दला खुंटीसारखी बांधलेली नाही, कडव्यांतून इतर मकामांत फिरून येते.

आणि १९६४ ही रेषा ओढायचीच तर १९६६ च्या 'अल-अतलाल'चं काय करणार? इब्राहिम नाजींची कविता, चाल सुनबातींची, मकाम राहत अल-अरवाह, म्हणजे हुझामच. सा ते रे अंतर पाऊण स्वराचं. रिषभ ना कोमल ना शुद्ध, सबंध गाणं त्याच खिळ्यावर टांगलेलं. संगीतकार बलीग हमदीचं 'बईद अन्नक' १९६५ चं, तेही बयाती. उतरणीला लागलेली गायिका असली गाणी नव्याने उभी करत नाही.

जुनी_तबकडी

धागाकर्ते १९६४ च्या आधी एक शुद्ध तख्त होतं असं गृहीत धरतात, मूळ घोळ तिथे आहे. तख्त म्हणजे औद, कानून, ने, व्हायोलिन, रिक्क (खंजिरी), चार-पाच माणसं. बाई १९२० च्या दशकात दकहलिया प्रांतातल्या खेड्यातून कैरोत आल्या तेव्हा तेही नव्हतं. वडील आणि घरचे पुरुष मागे नुसता साथीचा गळा देत, धार्मिक गाणी. त्यावर शहरात टीका झाली म्हणून वादक घेतले. म्हणजे 'अस्सल' तख्त हीच बाईंच्या कारकिर्दीतली पहिली तडजोड.

पुढे १९२८ मध्ये संगीतकार अल-कसबगीने 'इन कुन्त असामिह' दिलं. मोनोलोग प्रकार, चाल पुढेपुढे जाणारी, ध्रुवपदावर परत न येणारी. ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, त्यात आवर्तनं (तीच ओळ फिरून फिरून) घ्यायला जागाच नाही. तरी ती मुद्रिका तुफान खपली. बांधीव गाणं तरब मारतं म्हणायचं तर खून १९२८ मध्येच झालाय.

(जाता जाता: हाच कसबगी पुढे बाईंच्या वृंदात औद वाजवत बसला, १९६६ मध्ये जाईपर्यंत. नव्या चाली मात्र बाई त्याच्याकडून घेईनाशा झाल्या होत्या. 'इन्ता ओमरी'च्या वृंदात बसून त्याला काय वाटलं असेल, हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

अर्धकोमल

@कळ_उचल, 'अल-अतलाल' सुनबातींची आहे, हेच तर म्हणतोय! वहाबांनी बाईंना एकूण दहा गाणी दिली. त्यातलं एक तरी 'अल-अतलाल'शेजारी ठेवून दाखवा.

@जुनी_तबकडी, मुद्रिकेतलं बांधीव गाणं आणि मैफलीतलं गाणं यांत गल्लत नको. १९३४ मध्ये सरकारी रेडिओ सुरू झाला, मग दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या मैफली थेट प्रक्षेपित होऊ लागल्या. तीन मिनिटांची कात्री तिथे गेली. संगीतकार झकरिया अहमदची १९४० च्या दशकातली गाणी घ्या, 'अना फी इन्तिझारक'सारखी. एक ओळ घोळवायची, कफला म्हणजे ओळीचा शेवट नेमका समेवर सोडायचा, सभागृह ओरडणार, मग तीच ओळ दुसऱ्या अंगाने. आपल्याकडे बालगंधर्वांच्या वन्समोअरला जे घडे त्याच्या जवळचं. ही जागा वहाबांनी भरून टाकली.

कळ_उचल

भरून टाकली हे कशावरून? 'इन्ता ओमरी' नेहमी कोणतं ऐकता? बऱ्याच ऑनलाइन प्रती कापलेल्या असतात: प्रस्तावना आणि पहिलं कडवं ठेवतात, आवर्तनं उडवतात. अशी प्रत ऐकून 'आवर्तनं नाहीत' म्हणणं म्हणजे भाजीतून मीठ काढून आळणी म्हणण्यासारखं.

त्यापेक्षा हे करा. एकाच गाण्याच्या दोन अखंड मैफली घ्या, तासाभराच्या आसपासच्या. प्रस्तावना सोडून द्या. एक ओळ निवडा आणि ती किती वेळा येते ते मोजा. मग प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपा: कोणता शब्द लांबवला, ओळ कोणत्या सुरावर सोडली, आणि वृंदाची 'लाझिमा' (ओळींमधला छोटा वाद्यतुकडा) आली की बाईंनी ती न येऊ देता ओळ पुन्हा धरली. या तिसऱ्यात खरी मेख. चित्रफितीत बघा, वादकांसमोर नोटेशनचे स्टँड नाहीत, सगळं पाठ. म्हणूनच वीसेक माणसं बाईंच्या एका इशाऱ्यावर मागे वळू शकतात.

खर्जातला

दोघेही आवाजाचं वय विसरताय. १९६४ ला बाई साठीच्या घरात होत्या (जन्मसाल १८९८ धरा नाहीतर १९०४). पट्टी खाली आली होती, तिशीतल्या मुद्रिकांमधली वरची धाव उरली नव्हती. अशा गळ्याला लांब वाद्यखंड म्हणजे विश्रांती. एका रात्री दोन-तीन गाणी, मैफल तासन्‌तास. वहाबांची प्रस्तावना सजावट म्हणून नावडो, पण त्या गळ्याला तिचा उपयोग होता. १९६७ मध्ये इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर देशोदेशी फिरून मदतनिधीसाठी मैफली केल्या, त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात गायल्या, ते असा श्वास मिळाला म्हणून झेपलं.

अर्धकोमल

गळ्याचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग बलीगच्या 'अल्फ लैला व लैला'त (१९६९) सॅक्सोफोन कशाला? विश्रांती नेसुद्धा देते.

जुनी_तबकडी

कारण ने हळू आवाजाचं वाद्य, आणि तोवर त्याच्याभोवती व्हायोलिनांची फौज उभी झाली होती. सॅक्सोफोन नको असेल तर आधी ती व्हायोलिनं कमी करा. आणि ती वहाबांनी आणलेली नाहीत.