मदत हवी आहे: इंग्लंडात नोकरी चालू असताना घरभाडं आणि कौन्सिल टॅक्सची सवलत

मिडलंड्सकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडात राहणाऱ्यांनी, त्यातही ज्यांनी स्वतः अर्ज केलाय त्यांनी, जरा सांगा.

मी केअर होममध्ये आठवड्याला २० तास काम करते, २०२५-२६ च्या किमान वेतनावर, म्हणजे तासाला १२.२१ पौंड. पेन्शन वगैरे कापून महिन्याला सरासरी हातात १०३१ येतात. मुलगी सात वर्षांची. उन्हाळ्यात नवरा वेगळा राहायला गेला, कायमचाच. घर प्रायव्हेट लँडलॉर्डचं, दोन बेडरूमचं, भाडं ८५०. उरलेल्या पैशात काय काय बसतं ते वेगळं सांगायला नको. माझा आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, माझ्या स्वतःच्या नावावर आहे, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही.

कामावरची मैत्रीण म्हणते, नोकरी असलेल्याला काही मिळत नाही, ते सगळं बेकारांसाठी असतं. खरं आहे का? कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या घरावरच्या कराचं, बिल अजून दोघांच्या नावाने येतंय. कौन्सिलच्या फोनवर बराच वेळ गाणी ऐकली, शेवटी 'वेबसाइट बघा' एवढंच उत्तर मिळालं.

आणि एक नाजूक गोष्ट. चिंचवडला एक फ्लॅट माझ्या आणि भावाच्या नावावर आहे, त्यात आई राहते. शिवाय माझी आठ लाखांची एफडी आहे. भाऊ म्हणतो, लंडनच्या सरकारला चिंचवडचं काय कळतंय, लिहूच नकोस. मला ते पटत नाही, पण लिहिलं तर सगळंच नामंजूर होईल का?

निवांत६८

ताई, अजिबात काळजी करू नका. २००९ साली मी वेअरहाउसमध्ये कामाला होतो तेव्हा भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट आणि करासाठी कौन्सिल टॅक्स बेनिफिट दोन्ही घेत होतो. कौन्सिलच्या ऑफिसातून एकच फॉर्म आणायचा, पेस्लिपा जोडायच्या, काम फत्ते.

कागदपत्रवाली

काका, तो जमाना गेला. कौन्सिल टॅक्स बेनिफिट एप्रिल २०१३ मध्ये बंद झालं. हाउसिंग बेनिफिट तुमच्या वयाच्या लोकांना अजून मागता येतं, पण कामाच्या वयातल्या माणसाला नवा अर्ज करता येत नाही, सपोर्टेड किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहत असेल तरच. बाकी सगळ्यांचं भाडं आता युनिव्हर्सल क्रेडिटमधून (युसी, कमी उत्पन्नवाल्यांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत) येतं.

मिडलंड्सकर, तुमच्या मैत्रिणीला सांगा की युसी घेणाऱ्यांतले कितीतरी लोक नोकरी करणारे आहेत. तास किती असावेत याचीही अट नाही. पगार वाढला की रक्कम हळूहळू कमी होते, एवढंच. मी सल्ला केंद्रात शनिवारी बसते, तुमच्यासारख्या केसेस रोजच्या. २०२५-२६ च्या दराने मांडून दाखवते:

एकट्या माणसाचा, २५ च्या वरचा, मूळ भत्ता ४००.१४. मुलीचे २९२.८१. भाड्याचे मात्र ८५० नाही मिळायचे. प्रायव्हेट घराला 'लोकल हाउसिंग अलाउन्स'ची मर्यादा असते आणि ती एप्रिल २०२४ पासून आहे तिथेच गोठवून ठेवलीय. तुम्हाला दोन बेडरूमचा दर लागेल. तुमच्या भागाचा आकडा पोस्टकोड टाकून सरकारी साइटवर बघा. समजा तो ७२५ निघाला. एकूण झाले १४१७.९५.

आता पगार. मूल आहे आणि भाड्याचीही मदत आहे म्हणून पगारातले पहिले ४११ पौंड मोजतच नाहीत. उरले ६२०. त्यातल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स वजा, म्हणजे ३४१. युसीचे हातात यायचे १०७६.९५. चाइल्ड बेनिफिट याच्या वर वेगळं, ते उत्पन्नात धरत नाहीत. नवरा मुलीसाठी काही देत असेल तर तेही धरत नाहीत. हे बऱ्याच बायकांना माहीतच नसतं आणि मग त्या पोटगी मागायच्याच थांबतात.

नवऱ्याचं नाव भाडेकरारावर आहे का? असेल तर तो अमुक तारखेला गेला आणि भाडं देत नाही, हे जर्नलमध्ये, म्हणजे युसीच्या ऑनलाइन खात्यातल्या निरोपांच्या पानावर, स्पष्ट लिहा. नाहीतर अर्धंच भाडं धरतील. आणि आज अर्ज करा. पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात. मागच्या तारखेपासून जास्तीत जास्त एक महिना मिळतो, तोही ठरावीक कारणांनाच. मधल्या काळात अ‍ॅडव्हान्स मिळतो, पण ते कर्ज आहे, पुढच्या हप्त्यांतून कापतात.

थेम्सकाठी

+१. कौन्सिल टॅक्सचं राहिलं बघा.

कागदपत्रवाली

येतेच त्याच्यावर, कारण लोक तिथेच मार खातात. युसीचा अर्ज केला म्हणजे कौन्सिलचा झाला असं धरू नका. युसी केंद्र सरकारच्या डीडब्ल्यूपी खात्याचं, कौन्सिल टॅक्स तुमच्या गावाचा. 'कौन्सिल टॅक्स रिडक्शन'साठी, काही ठिकाणी 'सपोर्ट' म्हणतात, कौन्सिलच्या साइटवर वेगळा अर्ज करायचा. वेल्स आणि स्कॉटलंडला देशभर एकच योजना आहे, पण इंग्लंडात कामाच्या वयाच्या लोकांसाठी प्रत्येक कौन्सिलची स्वतःची. कुठे पूर्ण माफी, कुठे काही टक्के भरावेच लागतात, बचतीची मर्यादाही वेगवेगळी. म्हणून लेस्टरच्या मावशीचा अनुभव कॉव्हेंट्रीला लागू पडत नाही.

त्याच्याही आधी एक काम करा. घरात मोजायला एकच प्रौढ उरला असेल तर बिलात २५ टक्के सूट असते. उत्पन्न कितीही असो. मुलगी लहान म्हणून मोजत नाहीत. नवरा ज्या तारखेला गेला त्या तारखेपासून मागा. आधी ही २५ टक्क्यांची सूट लागते, मग उरलेल्या बिलावर रिडक्शन.

आणि एक, निकाल येईपर्यंत हप्ते भरणं थांबवू नका. चुकलेल्या हप्त्याकडे दुर्लक्ष झालं तर कौन्सिल वर्षाचे सगळे पैसे एकदम मागू शकते, मग कोर्टाचं समन्स आणि त्याचा खर्च आपल्याच डोक्यावर. जास्त भरलं गेलं तर ते पुढच्या बिलात वळतं होतं. दहाऐवजी बारा हप्ते पाडून मागा, तो तुमचा हक्क आहे.

वाटाणा_उसळ

फ्लॅट नि एफडीबद्दल: सरळ उपाय सांगू? एफडी मोडा, भावाच्या नावावर टाका, मग अर्ज करा. आमच्या ओळखीत दोघांनी केलंय.

थेम्सकाठी

वाटाणा, असले सल्ले जाहीर धाग्यावर नका देऊ हो. बेनिफिट मिळावं म्हणून पैसे दुसऱ्याच्या नावावर केले असं दिसलं तर ते पैसे अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशोब करतात. पैसेही गेले, बेनिफिटही गेलं. आणि खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे. परदेशातली खाती कळत नाहीत हा समज तर सोडूनच द्या, देशादेशांत खात्यांची माहिती दिली-घेतली जाते.

मिडलंड्सकर, तुमच्या बाबतीत खरं सांगण्यात नुकसान फार थोडं आहे. आईचं वय काय?

मिडलंड्सकर

आई ७१ ची. फ्लॅट अर्धा माझा, अर्धा भावाचा.

थेम्सकाठी

मग सुटलात. आपण राहत नाही ते घर मालमत्ता म्हणून मोजतात, मग ते चिंचवडला असो की चेम्सफर्डला. पण त्यात जवळचा नातेवाईक राहत असेल आणि तो इथल्या पेन्शनच्या वयाचा असेल, किंवा आजारपणामुळे कामाला असमर्थ असेल, तर ते घर सोडून देतात. आई जवळच्या नात्यात येते. फॉर्ममध्ये लिहायचं, सोबत आईच्या आधारकार्डाची प्रत आणि तिथल्या पत्त्याचं वीजबिल ठेवायचं. उद्या तो फ्लॅट भाड्याने दिलात तर मात्र चित्र बदलेल, आणि तेव्हा कळवावं लागेल.

एफडी मोजतात. १६,००० पौंडांच्या वर बचत असेल तर युसी मिळतच नाही, ६,००० पर्यंत काही धरत नाहीत. मधल्या रकमेत दर २५० पौंडांमागे, तुटक असले तरी पूर्ण धरून, महिन्याला ४.३५ वजा. १२० रुपयांना पौंड धरला तर तुमचे आठ लाख म्हणजे ६,६६७. वरचे ६६७, म्हणजे तीन तुकडे, १३.०५ पौंड. वरच्या हिशोबातून तेवढे काढा, १०६३.९० राहतात. इथल्या खात्यातली बचत त्यात मिळवायची हे विसरू नका. तेरा पौंडांसाठी भावाचं कशाला ऐकायचं?

निवांत६८

वा. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. माझं स्वतःचं पेन्शन क्रेडिट, कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळतं ते, बघायला हवं आता.

कागदपत्रवाली

काका, बघाच. ते मिळालं तर भाडं आणि कौन्सिल टॅक्स दोन्हीकडे फायदा होतो. पेन्शनवाल्यांना कौन्सिल टॅक्समध्ये केंद्राचे नियम आहेत, कौन्सिलला मनाने कात्री लावता येत नाही.

नवा_पाहुणा

धागा पळवत नाही, पण विचारतो. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर, बायको फुल-टाइम एमएस्सी करतेय. आम्हाला रिडक्शन मिळेल का?

कागदपत्रवाली

रिडक्शन नाही. तुमच्या व्हिसावर 'पब्लिक फंड्स'ची, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेण्याची, बंदी असते, आणि युसी, हाउसिंग बेनिफिट, कौन्सिल टॅक्स रिडक्शन तिन्ही त्या यादीत आहेत. चुकूनही अर्ज करू नका, पुढच्या व्हिसाला नडतं. पण सूट आणि माफी त्या यादीत नाहीत. फुल-टाइम विद्यार्थी मोजणीतून वगळतात. शिवाय विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाने त्याला बेनिफिट घ्यायला मनाई असेल, तर तोही वगळतात, नोकरी करत असला तरी. मग घरात मोजायला कुणी उरतच नाही आणि संपूर्ण माफी लागू होऊ शकते. तिला 'क्लास एन' म्हणतात, कौन्सिलला याच नावाने विचारा. फोनवर पहिला माणूस बहुधा '२५ टक्के' म्हणेल. युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट आणि दोघांचे ईव्हिसा जोडून लेखी मागा.

मिडलंड्सकर

सर्वांचे मनापासून आभार. अर्ज टाकला, कौन्सिलचाही वेगळा टाकला, चिंचवड आणि एफडी दोन्ही लिहिलं. भाऊ फुगलाय, होईल शांत.

आता शेवटचं. आमचा पगार दर चार आठवड्यांनी होतो, महिन्याला नाही. त्याने काही फरक पडतो का? आणि जॉबसेंटरला (युसी बघणारं सरकारी रोजगार कार्यालय) दर आठवड्याला जावं लागेल का? माझ्या शिफ्टा बदलत्या आहेत.

थेम्सकाठी

पडतो. चार आठवड्यांचा पगार म्हणजे वर्षाला तेरा. युसीचा महिना तुमच्या अर्जाच्या तारखेपासून ठरतो, त्यामुळे वर्षातून एकदा एकाच महिन्यात दोन पगार येणार आणि त्या महिन्याचं युसी चांगलंच खाली येणार. शून्यावरही आलं तर घाबरू नका. पण क्लेम बंद झाल्याचा मेसेज आला तर लगेच पुन्हा सुरू करा, आपोआप होईल म्हणून थांबू नका. तो महिना कुठला ते पेस्लिपांवरून आत्ताच काढून ठेवा आणि भाड्याचे थोडे पैसे आधीपासून बाजूला टाका. त्याच महिन्यात कौन्सिलचं सुधारित बिलही येऊ शकतं. नवीन बिल आलं की जुनी डायरेक्ट डेबिटची रक्कम बदलली का ते बघायचं.

जॉबसेंटरचं: एकट्या माणसाचा महिन्याचा पगार ठरावीक मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये ९५२) वर असेल तर सहसा दर आठवड्याला बोलावत नाहीत. सुरुवातीला ओळख पटवायला जावं लागतं. तेव्हा शिफ्टचं वेळापत्रक सोबत न्या, आणि वेळ जमत नसेल तर जर्नलमध्ये आधी लिहा. न कळवता चुकवलं की दंड लागतो.

मिडलंड्सकर

बघितलं, मार्चमध्ये दोन पगार येतायत.