सरांच्या क्लासला जात नाही म्हणून मुलीचे अंतर्गत गुण कमी. शाळेत लेखी द्यावं का?

वैशाली_कराड

मुलगी नववीत आहे, अनुदानित शाळा, तालुक्याचं गाव. वार्षिक परीक्षेचे गुण हातात आले आणि गणितापाशी मी थांबले. लेखीत ८० पैकी ६७, अंतर्गत मूल्यमापनात २० पैकी ९. बीजगणित-भूमितीचे दोन्ही पेपर चांगले सोडवणारी पोर गृहपाठात १० पैकी ४ आणि बहुपर्यायी चाचणीत १० पैकी ५ कशी काय मिळवते?

तिची गृहपाठाची वही माझ्यासमोर आहे. प्रत्येक सरावसंचापुढे लाल बरोबर, खाली सरांची सही आणि तारीख. एका प्रमेयाच्या आकृतीशेजारी त्यांनीच 'छान' लिहिलंय. मग ४ कुठून आले?

सर घरी क्लास घेतात, महिना ७०० रुपये. वर्गातली बरीच मुलं जातात. माझी जात नाही, तिला गरज वाटत नाही आणि आम्हालाही. क्लासच्या ज्या ज्या मुलांचे गुण आम्हाला कळले त्या सगळ्यांना १८ नाहीतर १९. दिवाळीनंतर सर भर वर्गात म्हणाले होते, "काहींच्या आईबापांना वाटतं फुकटात पोरं हुशार होतात." नाव घेतलं नाही, पण सगळा वर्ग हिच्याकडे वळून बघत होता. तेव्हापासून ती गणिताच्या तासाला हात वर करत नाही. हे मला गुणांपेक्षा जास्त लागलंय.

आता अडचण सांगते. हेच सर माझ्या मिस्टरांना शिकवायला होते. दहावीचा फॉर्म भरायला सासऱ्यांकडे पैसे नव्हते तेव्हा सरांनी स्वतःच्या खिशातून भरले. मिस्टर म्हणतात, "त्या माणसाविरुद्ध मी अर्ज करणार नाही." सासूबाई म्हणतात, मास्तरांशी वाकडं घेतलं तर पोरीचं दहावीचं वर्ष वाया जाईल. दहावीलाही गणिताला तेच आहेत. सरांचे उपकार मीही विसरलेले नाही. पण ते उपकार माझ्या मुलीने का फेडायचे?

लेखी द्यावं का? कुणाला द्यावं?

सह्याद्री_७७

ताई, विचारता काय, सरळ शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८: शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायचीच नाही. शाळा अनुदानित म्हणजे माहिती अधिकारही लागू. चाचणीची उत्तरपत्रिका मागा. तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात मान्य केलाय. आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशी गुण वाढतील.

निवृत्त_मुख्याध्यापिका

व्हॉट्सॲपवर काहीही टाकू नका. मुलीचं नाव गावभर होईल आणि शाळा एकजुटीने सरांच्या मागे उभी राहील. स्टाफरूममध्ये असंच होतं, मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

वैशालीताई, लेखी द्या, आणि आत्ताच द्या. दहावीची वाट बघू नका. बोर्डाकडे गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन हे सगळं लेखी पेपरचं असतं. शाळेने एकदा पाठवलेल्या अंतर्गत गुणांसाठी नंतर तुम्हाला कुणी दार उघडत नाही. नववीचे गुण शाळेच्याच हातात आहेत, तिथे दुरुस्ती होऊ शकते.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने करा. अर्ध्या पानाचा. मजकूर एवढाच: गणिताचे अंतर्गत गुण कसे दिले ते समजून घ्यायचं आहे, गृहपाठाची नोंद आणि चाचणीची उत्तरपत्रिका आमच्यासमोर दाखवावी. शाळेच्या आवक रजिस्टरला नोंद करून घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. तोंडी बोलणं संध्याकाळपर्यंत विरून जातं. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, मूळ वही सोडून येऊ नका.

या अर्जात क्लासचं एक अक्षर लिहू नका. क्लासचा विषय खरा आहे आणि गंभीर आहे, पण तो दुसरा अर्ज. दोन्ही एकत्र आले की चर्चा क्लासवर जाते, सर म्हणतात पुरावा द्या, आणि ४ गुणांचा प्रश्न बाजूला राहतो. सही असलेली वही हा मात्र असा पुरावा आहे की त्यापुढे कुणाला बोलता येत नाही. वर्गात बोललेल्या वाक्याचं मुख्याध्यापकांना तोंडी, पण स्पष्ट सांगा. मुलाला मानसिक त्रास द्यायला त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये मनाई आहे, हे त्यांना माहीत असतं.

सरांना समोर बसवूनच हे व्हावं असा आग्रह धरा. त्यांच्या पाठीमागे नाही. आमच्याकडे एकदा एक वडील ग्रामपंचायत सदस्याला घेऊन थेट वर्गात शिरले आणि मुलांसमोर शिक्षकाला वाटेल ते बोलले. तो शिक्षक कडक होता, पण वह्या मनापासून तपासायचा. त्यानंतर त्याने वह्या तपासणंच सोडलं, सगळ्यांना सरसकट १८ द्यायला लागला. कुणाची तक्रार नाही, आणि मुलांना आपलं कुठे चुकतं तेही कळेना. पालक जिंकले आणि वर्ग हरला. म्हणून मिस्टरांनाही सोबत न्या. त्यांच्या मनात सरांबद्दल आदर आहे, तो तिथे उपयोगी पडेल.

बिनपगारी_गुरुजी

मी विनाअनुदानित शाळेत शिकवतो. आमच्यातले कितीतरी जण शिकवण्या घेतात, कारण शाळेतून घर चालेल असं काही मिळत नाही. सुरुवातीची वर्षं मानधनावर काम करणाऱ्या शिक्षणसेवकालाही माध्यमिकला २०२३ पासून महिना १८ हजार, त्याआधी ८ हजारच होते. त्यामुळे क्लास घेणारा प्रत्येक जण लुटारू आहे असं कृपया समजू नका. पण पूर्ण पगार असलेल्या शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या मुलांचा क्लास घ्यायचा आणि त्यांचेच गुण द्यायचे, याचं समर्थन मी करू शकत नाही. बाईंनी सांगितलं तसंच करा.

वैशाली_कराड

बाई, तुमच्या सांगण्याप्रमाणे अर्ज दिला, पोच घेतली. आज बोलावलं होतं. मिस्टर आधी नाही म्हणत होते, पण आले.

मुख्याध्यापकांनी गुणनोंद वही मागवली. गृहपाठापुढे ४. सर म्हणाले, हिने वही वेळेवर दिली नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात मिस्टरांनीच वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "सर, तारखा तुमच्याच हातच्या आहेत." सरांनी तीन-चार पानं उलटली. मग मुख्याध्यापकांना म्हणाले, नोंदीत फरक झाला असेल, बघतो. गृहपाठाचे ९ केले, तिथेच सही केली. चाचणीची उत्तरपत्रिका सापडत नाही म्हणतात, सोमवारी या म्हणाले. ती मी सोडणार नाही.

वर्गातल्या बोलण्याबद्दल मी सांगितलं. सर गप्प बसले. मुख्याध्यापक म्हणाले, पुन्हा होणार नाही.

बाहेर आल्यावर मिस्टर सरांच्या पाया पडले. मला ते आवडलं नाही, पण त्यांना अडवलंही नाही.

आता क्लासच्या अर्जाचं. दोन मैत्रिणींना विचारलं, दोघींची मुलं क्लासला जातात, सही करायला कुणी तयार नाही. एकटीच्या सहीने दिला तर तो कुणी दिला हे सरांना लगेच कळणार. बाई, हा अर्ज पालक-शिक्षक संघात मांडता येतो का? संघाची बैठक जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आहे. की तोवर न थांबता थेट शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे द्यावा?