मदत हवी आहे : परदेशात एकटीने आगमनकाळ कसा पाळावा?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

आगमनकाळ सुरू झालाय आणि यंदाही माझं मन त्यात लागत नाहीये. नाताळाबद्दल विचारत नाहीये. सजावट, भेटी, जेवणाची आमंत्रणं यांची इथे काही कमी नाही. माझी अडचण त्याआधीच्या चार आठवड्यांची आहे. हे दिवस प्रभूची वाट पाहण्याचे, पण मी प्रभूची वाट पाहतेय की घरी जाण्याच्या दिवसाची, हे माझं मलाच कळेनासं झालंय.

मी परिचारिका आहे, नोकरीसाठी परदेशात आले. तिघी मिळून एका घरात राहतो. बाकी दोघी ख्रिस्ती नाहीत, पण जीव लावणाऱ्या आहेत. कामाच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे रविवारची उपासना कधी मिळते, कधी हुकते. कधी रात्रपाळी उरकून थेट चर्चमध्ये जाते आणि डोळे उघडे ठेवण्याच्या धडपडीतच प्रवचन संपतं. तिथली भाषा मला पेशंटशी बोलण्यापुरती येते. औषध, दुखणं, भूक, झोप हे सगळं त्या भाषेत व्यवस्थित बोलते. पाप, कृपा, तारण हे शब्द मात्र अजून कानाशीच थांबतात. मंडळीतले लोक प्रेमळ आहेत, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

लहानपणापासून माझा आगमनकाळ माझ्या वतीने इतरच पाळत आले, असं आता वाटतं. वचनं पाळकसाहेबांनी निवडलेली असायची, गीतांचा सराव ठरलेला असायचा, संध्याकाळच्या प्रार्थनेला वडील सगळ्यांना बसवायचे. मी फक्त त्यात असायचे. इथे मला कोणी बसवत नाही, आणि स्वतःहून बसले की घरचीच आठवण आधी येते.

परवा यशयाचा ४०वा अध्याय वाचायला घेतला. माझ्या लोकांचं सांत्वन करा, अशी सुरुवात. पुढे अरण्यातून नीट केलेला रस्ता, आणि कोकरांना छातीशी धरून नेणारा देव. वाचता वाचता रडू आलं. मग मनात आलं, हे वचन माझं आहे का? त्या लोकांना, म्हणजे यहूदी लोकांना, शत्रूने धरून बाबेलला नेलं होतं. मला कोणी नेलं नाही. पगार चांगला म्हणून मी अर्ज केला, मुलाखत दिली आणि आले. स्वखुशीने घर सोडलेल्या माणसाने बंदिवानांच्या वचनावर हक्क सांगावा का? हे कोणाला तोंडाने विचारायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितेय.

दुसरं म्हणजे, घराची ओढ लागणं हा विश्वासाचा कमीपणा आहे का? एका ओळखीच्या बाईंनी मला इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय दाखवला, आपण सगळेच पृथ्वीवर परके आणि प्रवासी आहोत म्हणून. वचन खरंच आहे. पण ते ऐकून माझी ओढ कमी झाली नाही, ती बोलून दाखवायची सोय तेवढी गेली. घरून फोन आला की "पुढच्या नाताळाला नक्की ये" हे ठरलेलं वाक्य, आणि मीही "नक्की" म्हणते. फोन ठेवल्यावर माझ्या प्रार्थनेतही तेवढंच उरतं.

तिसरं अगदी व्यवहाराचं. भाषा पुरती कळत नसताना इथल्या उपासनेला जात राहावं, की मराठी उपासना फोनवर पाहावी? आणि रोज घरी काय करावं? आगमनाच्या मेणबत्त्यांचं चक्र मांडायची फार इच्छा होती, पण धुराच्या अलार्ममुळे घरमालकांनी काहीही पेटवायला मनाई केलीय.

कृपा करून "परत ये" असं कोणी लिहू नका. घरची जबाबदारी आहे, अजून काही वर्षं ते शक्य नाही. ज्यांनी असे आगमनकाळ काढलेत त्यांनी स्वतः काय केलं ते सांगितलंत तर उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, सलाम. मी बरीच वर्षं देशाबाहेर आहे. तुमच्या हक्काच्या प्रश्नापाशीच थांबलो, कारण तो मलाही खूप छळायचा.

मत्तयाचं शुभवर्तमान उघडा आणि सुरुवातीची येशूची वंशावळी वाचा, ती ओलांडून १८व्या वचनावर जाऊ नका. १७व्या वचनात मत्तय तिचे तीन भाग करून सांगतो : अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बाबेलच्या देशांतरापर्यंत चौदा, देशांतरापासून ख्रिस्तापर्यंत चौदा. अब्राहाम, दावीद आणि ख्रिस्त यांच्या रांगेत त्याने एक देशांतर बसवलंय. घर सुटणं हा येशूच्या घराण्याच्या इतिहासातला एक टप्पाच आहे, तोही लपवून ठेवलेला नाही.

आता तुमचा मुद्दा, की तुम्हाला कोणी धरून नेलं नाही. त्याच वंशावळीत रूथ आहे. तिची गोष्ट कशी सुरू होते बघा. बेथलेहेमात दुष्काळ पडतो आणि अलीमलेख बायको-मुलांना घेऊन मवाब देशात राहायला जातो. पोटासाठी. त्याला तिकडे कोणी कैद करून नेलेलं नाही. तो तिथेच मरतो, दोन्ही मुलगेही मरतात, आणि त्याची बायको नामी रिकाम्या हाताने परत येते ती परक्या देशातल्या सुनेला, रूथला, घेऊन. त्या सुनेचा पणतू दावीद. त्याआधी याकोबाचे मुलगे मिसरात (इजिप्तमध्ये) गेले तेही धान्यासाठीच. पगारासाठी घर सोडलेली माणसं देवाच्या वचनातून वगळायची म्हटलं, तर ही वंशावळीच उभी राहत नाही. यशयाचा ४०वा अध्याय तुमचा आहे. निःशंक वाचा आणि रडू आलं तर रडा.

"पुढच्या नाताळाला नक्की" याबद्दल थोडं जपून लिहितो, कारण घरच्यांची माया मला कळते. यिर्मयाचे २८ आणि २९ हे अध्याय सलग वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो, दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया मात्र बाबेलातल्या लोकांना पत्र लिहितो की सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात देवाने तुम्हाला नेलं त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. आपल्याकडे भेटकार्डांवर छापतात ते आशेचं ११वं वचन या पत्रातलंच आहे, आणि ते सत्तर वर्षांच्या वचनाला लागून येतं. ज्यांना ते पत्र मिळालं त्यांच्यातले कित्येक जण परत जाणार नव्हते. तरी आशेचा निरोप त्यांच्याच नावाने आला. मला यातून एवढं मिळालं की परतीची तारीख हातात नसतानाही देवाची आशा पुरी असते. तेव्हापासून मी ज्या गावात राहतो त्या गावासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करतो : शाळा, बसचे चालक, शेजारी. तुम्ही तर वॉर्डात काम करता. त्या नगराचं हित तुमच्या हातून रोज होतंय.

इब्री ११ मध्ये १३व्या वचनावर थांबू नका, १४ ते १६ वाचा. ती माणसं स्वदेश शोधत होती, असं लेखक उघड म्हणतो. त्यांना ओढ होती याबद्दल तो त्यांना बोल लावत नाही, उलट देवाने त्यांच्यासाठी नगर सिद्ध केलंय असं सांगतो. त्या बाईंना पुढची तीन वचनं वाचून दाखवायची राहून गेली.

प्रतिसाद २

ताई, मी कॅथलिक आहे आणि मीही परक्या भाषेतल्या मिस्साला (आमच्या उपासनेला) जाते, तर व्यवहाराचं सांगते.

रविवारची वाचनं आधीच ठरलेली असतात. कॅथलिक चर्चमध्ये १९६९ पासून तीन वर्षांचं चक्र आहे, आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या १९९२ मध्ये तयार झालेली सामाईक वाचनमालिका वापरतात, तिच्यातली वाचनं आमच्याशी पुष्कळ जुळतात. तुमची मंडळी ती वापरत असेल तर शनिवारी तिच्या वेबसाइटवर वाचनं बघायची आणि ती मराठी बायबलातून सावकाश, मोठ्याने वाचायची. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तेच वाचन सुरू झालं की अर्थ आधीच मनात असतो, परके शब्द त्याला येऊन चिकटतात. मला कृपा हा शब्द तिथल्या भाषेत असाच कळला. घरी आईलाही तेच वाचन सांगून ठेवते. फोनवर "कधी येतेस"च्या पलीकडे बोलायला काहीतरी मिळतं.

आणखी एक लक्षात घ्या. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान बाळ येशूचं नसतंच. तिन्ही वर्षांत ते जागृत राहा असं सांगतं, प्रभूच्या पुन्हा येण्याबद्दल. जन्माची तयारी खरी सुरू होते १७ डिसेंबरपासून. म्हणून आगमनकाळ म्हणजे लहानपणीचे नाताळ आठवत बसण्याचे दिवस असं मला वाटत नाही. आठवणी येतात, येऊ द्याव्यात. पण उपासनेचं तोंड पुढे असतं, जिथे आपण कोणीच अजून गेलेलो नाही. तिथे मी माझ्या आईइतकीच जवळ किंवा लांब आहे. हे समजलं त्या वर्षी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी मरियेच्या स्तोत्राबरोबर (येशूच्या आईने गायलेल्या स्तुतिगीताबरोबर) ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारायची फार जुनी प्रथा आहे : ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, अरुणोदय, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. प्रत्येक हाकेचा शेवट "ये" असा. दोन मिनिटं लागतात, बसमध्येही म्हणता येते. दमून आल्यावर लांब प्रार्थना होत नाही तेव्हा मी एवढीच म्हणते. (१७ तारखेलाच आमच्याकडे मत्तयाची ती वंशावळी वाचतात. वरच्या दादांचं वाचून यंदा ती वेगळ्या कानांनी ऐकेन.)

मेणबत्त्यांचं मनाला लावून घेऊ नका. हे चक्र ज्यांनी सुरू केलं त्यांची हकिकत तुम्हाला आवडेल. योहान हिनरिक विखर्न यांनी हॅम्बुर्गमध्ये १८३३ साली निराधार, गरीब मुलांसाठी आश्रम काढला. तिथे १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल, म्हणजे मुलांना नाताळाचे दिवस मोजता यावेत. घर नसलेल्या मुलांसाठीच निघालेली गोष्ट आहे ही. बॅटरीचे चार दिवे चालतील, आणि ते कुठे मिळाले नाहीत तर कागदावर चार वर्तुळं काढून दर रविवारी एक रंगवा.

प्रतिसाद ३

वरच्या ताईंशी थोडा असहमत. स्थानिक उपासनेला जरूर जा, पण मराठी सोडू नका. मी सोडली होती, माझी प्रार्थना कोरडी पडत गेली. आता महिन्यातून एक रविवार फोनवरच्या मराठी उपासनेसाठी राखून ठेवतो आणि त्या दिवशी सगळी गीतं मोठ्याने म्हणतो. मात्र पडद्यावर प्रभुभोजन घेता येत नाही आणि आजारी पडलो तर दाराशी कोणी येत नाही, म्हणून बाकीचे रविवार इथेच.

मी राहतो तिथे डिसेंबर ऐन उन्हाळ्यात येतो. अंधारात उजळणाऱ्या ज्योतीच्या रूपकांचा इथे उपयोग नाही, संध्याकाळी आठलाही लख्ख ऊन असतं. मला आधार मिळाला तो यशयाच्या ३५व्या अध्यायाचा, फुलणाऱ्या अरण्याचा. तुमच्या ठिकाणी जे वचन लागू पडतंय ते शोधा.

प्रतिसाद ४

मीही रात्रपाळीवाली आहे, अतिदक्षता विभागात. फक्त एक स्तोत्र सुचवते, १३०वं. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं त्यात आहे, आणि ते दोनदा म्हटलंय. आपल्याला ते वाट पाहणं माहीत आहे. पहाटे चारला अंग गळून जातं, पण सकाळ होईल की नाही अशी शंका आपल्या मनात कधी येत नाही. सहा वाजता ब्लडप्रेशर घ्यायचं, सातला पाळी द्यायची, हे आपण गृहीत धरूनच काम करत असतो. आशा म्हणजे मन उचंबळून येणं असं मी समजत होते, म्हणून मला ती माझ्याकडे नाही असं वाटायचं. या स्तोत्रातली आशा पहाऱ्यावर उभी राहून काम करत राहते. चर्च हुकलं त्या रविवारी पाळी संपल्यावर, कपडे बदलायच्या खोलीतच हे स्तोत्र म्हणते आणि मग घरी जाऊन झोपते. ते झोपणंही देवाला मान्य आहे, ताई. १२७वं स्तोत्र वाचा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. अलीमलेखाचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. रूथची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय, पण ते कुटुंब पोटासाठी परदेशी गेलं होतं हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

आईशी बोलले. दर शनिवारी रात्री दोघी आपापल्या ठिकाणी रविवारचं वाचन वाचणार आहोत, आणि १७ तारखेला वडील फोनवर वंशावळी वाचून दाखवणार आहेत, सगळी नावं. "पुढच्या नाताळाला" याबद्दल आईला हळूच सांगितलं की ठरलं की मीच कळवेन, तोवर विचारू नकोस. ती थोडा वेळ गप्प झाली, मग म्हणाली बरं. चार वर्तुळांचा कागद फ्रिजवर लावलाय. घरातली एक मैत्रीण विचारत होती की हे कशाचं, आणि पुढचं वर्तुळ तिला रंगवायचंय.

एक मदत अजून हवी आहे. त्या सात हाका मराठीत, म्हणायला सोप्या आणि चालीत बसतील अशा कोणाकडे असतील तर १७ तारखेच्या आत इथे टाकाल का? आणि १३०व्या स्तोत्राची गाता येईल अशी चाल कोणाला माहीत असेल तर तीही.