फांद्या 27, टोकं 11: गॅनोडर्माच्या ग्लुकानचं गणित जमेना

आडवाटेची:
गॅनोडर्मा ल्युसिडम या औषधी मशरूमची पूड उकळली, इथेनॉलने पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) खाली बसवलं, सेव्हाग पद्धतीने (क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉल) प्रथिनं काढली, कॉलमवर एकच पीक आलं. तिथवर मी खूश होते. हायड्रोलिसिसनंतर (साखळी तोडल्यावर) जवळजवळ सगळं ग्लुकोज, म्हणजे हे ग्लुकान. आयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) 890 ला पीक, म्हणजे जोड बीटा प्रकारचे.

मग ग्लुकोज कुठे कुठे जोडलंय ते कळायला मिथायलेशन केलं, म्हणजे मोकळ्या हायड्रॉक्सिलांना मिथाइल लावलं: डीएमएसओ (द्रावक), सोडियम हायड्रॉक्साइड, मिथाइल आयोडाइड. साखळी तोडून तुकडे ओळखणाऱ्या जीसी-एमएस यंत्राने दिलेले टक्के असे (जोडाचे आकडे म्हणजे जोडलेले कार्बन): टोकाचं ग्लुकोज 11, 1,3 जोड 48, 1,3,6 म्हणजे फांदी फुटलेलं 27, आणि 1,4 जोड 14.

आता प्रत्येक फांदीला टोक हवंच ना? मग 27 ला 11 कसे? गाइड म्हणतात, "लेंटिननसारखंच आहे, लिहून टाक." लेंटिनन म्हणजे शिताके मशरूममधलं ग्लुकान; त्याच्या मुख्य साखळीत दर 5 ग्लुकोजमागे 2 फांद्या, म्हणजे एकूण 7 पैकी 2: टोकं आणि फांद्या दोन्ही 28-29 टक्के. माझ्या फांद्या जुळतात म्हणून टोकांकडे डोळेझाक करू?

जुना कॉलम:
करू नका. मिथायलेशन अर्धवट राहिलंय असं दिसतं. सहाव्या कार्बनचं हायड्रॉक्सिल मिथाइलविना राहिलं, की साधं 1,3 ग्लुकोज यंत्राला 1,3,6 वाटतं. खोट्या फांद्या! मिथायलेशन झालेल्या मालाचा आयआर काढलात का? 3400 च्या आसपासचा हायड्रॉक्सिलचा उंचवटा गेलेला हवा.

असे ग्लुकान डीएमएसओत लवकर विरघळत नाहीत, नुसते फुगून बसतात. माल पाणी शोषणाऱ्या फॉस्फरस पेंटॉक्साइडवर निर्वातात वाळवा, रात्रभर ढवळत ठेवा आणि मिथायलेशन दोनदा करा. पाण्याचा अंश राहिला की मिथाइल आयोडाइड त्यातच खर्ची पडतं.

पीपीएम:
1,4 जोडाकडे कुणी बघितलंच नाही. प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनच्या चुंबकीय वर्णपटात) 5.3-5.4 पीपीएमच्या आसपास काही दिसतं का? असेल तर तो तुमच्या बीटा ग्लुकानात मिसळलेला अल्फा ग्लुकान. मशरूम धान्यावर वाढवलं असेल तर स्टार्च, नाहीतर बुरशीचं स्वतःचं ग्लायकोजेन. अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) घालून डायलिसिस करा, म्हणजे तुटलेले तुकडे पडद्यातून निघून जातील.

शिवाय मूळ, मिथायलेशन न केलेल्या मालाचा कार्बन एनएमआर घ्या. मोकळा सी-6 (सहावा कार्बन) साधारण 61 ला, जोडलेला 70 च्या जवळ. डेप्ट-135 या एनएमआरच्याच प्रकारात दोन्ही उलटे दिसतात, त्यामुळे गर्दीतही सापडतात. फांद्या खऱ्या किती, याचा अंदाज तिथे येईल.

आडवाटेची:
तीन आठवड्यांनी येतेय. 3400 चा उंचवटा होता, चांगला टेकडीएवढा! मी तो आयआर काढलाच नव्हता. 5.4 ला सिग्नलही होता. अमायलेजनंतर गेला, आणि 1,4 जोड 1 टक्क्यावर आला. वाळवून, दोनदा मिथायलेशन करून आता टोकं 18, फांद्या 22. म्हणजे लेंटिननपेक्षा फांद्या कमीच. बरं झालं लिहून टाकलं नाही. पण अजून 4 टोकं कमी आहेत.

जुना कॉलम:
शेवटी, जीसी-एमएसला देण्याआधी, नायट्रोजनच्या झोताखाली नमुना ठणठणीत कोरडा करता का? टोकाच्या ग्लुकोजवर चार मिथाइल, त्यामुळे जीसी-एमएससाठी बनवलेलं त्याचं अ‍ॅसिटेट सगळ्यांत आधी उडतं.

आडवाटेची:
करते. वर वॉटर बाथही, काम लवकर उरकावं म्हणून. उद्या थेंबभर द्रावक ठेवून थांबते.