फ्रीलान्सिंगचा पसारा आवरायला फुकटातली कुठली टूल्स वापरता?

भाषांतर_आणि_चहा:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरून इंग्रजी-मराठी भाषांतर आणि सबटायटलिंग करते, तीन वर्षं झाली. सुरुवातीला दोन क्लायंट होते तेव्हा सगळं डोक्यात राहायचं, आता सहा आहेत आणि राहत नाहीये. कुणाचं काम मेलवर येतं, कुणाचं व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटमध्ये, एक काका तर फोनवरच सांगतात आणि मी हाताशी असेल त्या कागदावर लिहून घेते. गेल्या महिन्यात शुक्रवारी द्यायची फाइल सोमवारची समजून बसले, आणि त्याच आठवड्यात कळलं की नोव्हेंबरमध्ये दिलेल्या एका कामाचं बिल मी पाठवलंच नाहीये. मार्चमध्ये कळलं! कामाची नाही हो, या विसरण्याची भीती वाटायला लागलीय.
ॲप वापरून बघितली, पण तीन-चार दिवस टेम्प्लेट सजवण्यात जातात आणि मग ते उघडलंच जात नाही. मला हवंय ते असं: फुकट, फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे चालणारं, मराठी नीट दिसणारं, आणि आमच्याकडे लाइट-नेट जातं तेव्हा अगदीच अडून न बसणारं. तुम्ही रोज खरंच काय वापरता ते सांगा प्लीज.

रंगपेटी_पुणे:
ताई, मी डिझाइनचं काम करतो, ट्रेलो वापरतो (कामाची कार्डं एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं ॲप), पाच वर्षं झाली. पण सल्ला ट्रेलोचा कमी आणि रकान्यांचा जास्त आहे. माझे रकाने असे: आलेलं, चालू, क्लायंटकडे बघायला, बिल पाठवायचं, पैसे यायचेत, संपलं. बहुतेक लोक 'काम दिलं' इथे कार्ड संपवतात आणि तुमचं नोव्हेंबरचं बिल नेमकं तिथेच हरवलंय. माझ्याकडे खात्यात पैसे दिसेपर्यंत कार्ड शेवटच्या रकान्यात जात नाही, मग क्लायंट कितीही ओळखीचा असो.
अजून एक, प्रत्येक क्लायंटचा वेगळा बोर्ड करू नका. फुकट प्लॅनमध्ये १० बोर्ड मिळतात म्हणून मोह होतो, पण सहा बोर्ड म्हणजे सहा ठिकाणी डोकवायचं आणि एखादं राहतंच. एकच बोर्ड आणि क्लायंटप्रमाणे रंगीत लेबल. फाइल १० एमबीच्या वर गेली की फुकट प्लॅनमध्ये चढत नाही, तेव्हा फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवायची आणि कार्डवर फक्त लिंक.

टिकमार्क:
नुसती यादी हवी असेल तर मायक्रोसॉफ्ट टू डू. टुडूइस्टपण छान आहे पण फुकटात ५ च प्रोजेक्ट मिळतात, तुमचे सहा क्लायंट तिथेच अडतील (लेबल लावून भागवता येतं म्हणा).
पण कुठलंही फुकट ॲप घ्या, महिन्यातून एकदा एक्स्पोर्ट करून, म्हणजे सगळा मजकूर आपल्याकडे उतरवून ठेवा. वंडरलिस्ट हे यादीचं ॲप किती जणांच्या रोजच्या वापरात होतं, मायक्रोसॉफ्टने २०१५ ला घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. एव्हरनोट या नोट्सच्या ॲपच्या फुकट प्लॅनमध्ये २०२३ च्या शेवटी एकदम ५० नोट्स आणि १ वही एवढंच उरलं.

आकडेमोड_कोल्हापूर:
मी वेबसाइटची कामं करतो, ११ वर्षं. कामाच्या यादीला वरचं काहीही चालेल, पण पैशाचा हिशोब ॲपमध्ये ठेवू नका, त्याला गूगल शीटच. एका ओळीत एक बिल. रकाने: बिल नंबर, तारीख, क्लायंट, काम, रक्कम, टीडीएस (क्लायंट बिलातून आधीच कापून आपल्या नावावर भरतो तो इन्कम टॅक्स), हातात यायची रक्कम, आलेली तारीख, आणि शेवटी 'किती दिवस झाले'. या शेवटच्या रकान्यात आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा करायचा फॉर्म्युला टाकायचा, तो रोज आपोआप वाढतो. मग कंडिशनल फॉरमॅटिंगने (आकड्याप्रमाणे आपोआप रंग बदलायची सोय) ३० च्या वर गेलं की पिवळं, ४५ च्या वर गेलं की लाल. मी दर सोमवारी चहा घेताना पहिली ही शीट उघडतो आणि पिवळ्यांना मेसेज टाकतो, लाल असतील त्यांना फोन.
टीडीएसचा रकाना वेगळा का, तर ४०,००० चं बिल दिलं आणि क्लायंटने १० टक्के कापला की खात्यात ३६,००० येतात, आणि सहा महिन्यांनी ते चार हजार कमी का दिले हे आठवत नाही. रकाना असला की वर्षाच्या शेवटी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तेवढा टीडीएस आपल्या नावावर जमा दिसतोय का ते ताडून बघता येतं. माझ्या एका क्लायंटने कापला होता पण भरला नव्हता, शीट होती म्हणून कळलं.
आणि ४५ चा आकडा मी असाच नाही घेतला. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली असली तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, कायदाच आहे २००६ चा, आणि त्यात सेवा देणारेही येतात. नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, आधार-पॅनवर होते. सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट त्यासाठी पैसे मागतात, तिथे भरू नका. बिलाच्या खाली उद्यम नंबर छापलेला असला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात असा माझा तरी अनुभव आहे.

रंगपेटी_पुणे:
+१. बिल बनवायला झोहो इनव्हॉइस बघा ताई, फुकट आहे. आठवणीचे मेलपण आपोआप जातात, त्यामुळे मागायला संकोच वाटतो त्यांना फार बरं.

अनुवादिका_ठाणे:
भाषांतरवाल्यांसाठी वेगळं सांगते कारण मीही त्यातलीच. ओमेगाटी हे भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरतेस का? फुकट, ओपन सोर्स, लॅपटॉपवर चालतं, नेट नसलं तरी चालतं. आधी केलेलं वाक्य पुन्हा आलं की समोर ठेवतं, आणि क्लायंटप्रमाणे शब्दसूची वेगळी ठेवता येते. माझ्या एका क्लायंटला 'वापरकर्ता' हवा असतो आणि दुसऱ्याला 'युजर', आधी दर वेळी जुन्या फाइली उघडून बघायचे.
फाइलच्या नावात सगळ्यात पुढे तारीख टाक, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' हे बंद कर, चुकून जुनी फाइल पाठवली जाते आणि नाव आपलं जातं.
आणि एक महिना तरी टॉगल हे वेळ मोजायचं ॲप लावून बघ. काम सुरू केलं की बटण दाबायचं, संपलं की बंद, बाकी काही नाही. मला वाटायचं १० मिनिटांच्या व्हिडिओचं सबटायटलिंग दीड तासात होतं, मोजल्यावर तीन तासांच्या आसपास निघालं, वेळा जुळवण्यातच निम्मा वेळ जात होता. त्या आकड्यांवर मी दर वाढवून मागितला आणि मिळाला.

भाषांतर_आणि_चहा:
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार! व्हॉइस नोट आणि फोनवरच्या कामांचं काय करू? काकांना मेल करा सांगितलं तर ते दुखावतील, माझे पहिले क्लायंट आहेत.

अनुवादिका_ठाणे:
त्यांना काहीच बदलायला सांगू नकोस. फोन ठेवला की तूच लगेच व्हॉट्सॲपवर टाक, 'काका, आत्ता बोललो त्याप्रमाणे १२ पानं, इतका दर, बुधवारी संध्याकाळी देते, बरोबर ना?' त्यांनी हो म्हटलं की तोच कागद झाला, आणि तेवढं यादीत टाकायचं. मी सगळ्याच फोनवाल्यांशी असं करते, कुणीही दुखावलं नाहीये, उलट एकांनी सांगितलं की बरं झालं, मी पानं चुकीची सांगितली होती.

निशाचर:
परदेशी क्लायंट असेल तर मीटिंग गूगल कॅलेंडरमध्ये टाकताना त्यांचा टाइम झोन निवडून टाका. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार, त्यांची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. मी मनातल्या मनात हिशोब करायचो आणि ऑक्टोबरमध्ये एक तास आधी जाऊन बसलो होतो.

शांत_दुपार:
मी सगळं कॅलेंडर ॲपमध्ये टाकते, पण मोठ्या डेडलाइन भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेननेही लिहिते. मला दिसावं म्हणून नाही, घरच्यांना दिसावं म्हणून. घरून काम करणारी बाई रिकामीच असते असं धरून चालतात ना, कुणाला स्टेशनवर आणायला जायचंय, कुणाचा डबा. आता सासूबाई पाहुण्यांना बोलावायच्या आधी स्वतः कालनिर्णय बघतात, म्हणाल्या गुरुवारी तुझं लाल आहे, शुक्रवारी बोलावते. मला तेव्हा खरंच भरून आलं होतं. आणि गणपती, दिवाळी तिथेच समोर असल्यामुळे बाहेरच्या क्लायंटना महिनाभर आधी कळवता येतं.

भाषांतर_आणि_चहा:
शेवटी हे ठरवलंय: एकच ट्रेलो बोर्ड, पैशाची शीट वेगळी (ऑफलाइन चालू केलीय), ओमेगाटी उतरवून घेतलंय, आणि भिंतीवर लाल पेन. काल रात्री बसून वर्षभराची बिलं शीटमध्ये भरली तर नोव्हेंबरच्या त्या बिलाशिवाय अजून दोघांचे पैसे यायचे निघाले, मिळून १८,५०० रुपये! सकाळी तिघांनाही मेसेज टाकले, एकाने सॉरी म्हणून लगेच यूपीआय केलं.
एक शेवटचं. बिलांचे नंबर एप्रिलपासून पुन्हा १ पासून सुरू करायचे का चालूच ठेवायचे?

आकडेमोड_कोल्हापूर:
वा, छान झालं. एप्रिलपासून नवीन क्रम सुरू करा आणि नंबरच्या आधी आर्थिक वर्ष लिहा, म्हणजे गोंधळ होत नाही. एखादं बिल रद्द झालं तर ती ओळ काढू नका, रकमेच्या जागी 'रद्द' लिहून तशीच ठेवा, नाहीतर मधला नंबर कुठे गेला ते मार्चमध्ये शोधत बसाल. जुन्या वर्षाची शीटही पुसू नका, खालच्या टॅबमध्ये राहू द्या, उरलेल्या दोघांचे पैसे अजून यायचेत.