देणगीदाराने लॉजिक मॉडेल मागितलंय, आउटकममध्ये काय लिहू?

गोवंडीकर
शिवाजीनगरमध्ये आमची छोटी संस्था दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिका चालवते. एका कंपनीच्या सीएसआरसाठी (सामाजिक कामासाठीचा निधी) प्रस्ताव दिला, तर एका पानाचं लॉजिक मॉडेल मागितलंय, म्हणजे डावीकडे साधनं, उजवीकडे घडणारा बदल आणि रकान्यांमध्ये बाण असा तक्ता. इनपुटमध्ये दोन शिक्षिका, खोलीचं भाडं, पुस्तकं. अ‍ॅक्टिव्हिटीत गणित-इंग्रजीचे वर्ग. आउटपुट ६० मुली. आउटकमपाशी अडलोय, तिथेही '६० मुलींना शिकवलं' असंच येतंय. 'सक्षमीकरण' लिहून मोकळं व्हावं का?

चेंबूरचा_पांडू
नको! लगेच विचारतील, मोजणार कसं?

मानखुर्दची ताई
दादा, उजवीकडून सुरुवात करा. निकालानंतर या मुलींचं काय वेगळं झालेलं दिसायला हवं? 'पास होऊन अकरावीला किंवा आयटीआयला प्रवेश घेतला' हे झालं आउटकम. मग एकेक पायरी मागे या आणि प्रत्येक बाणापाशी विचारा, हे केलं की ते होईलच कशावरून? रकाने कोणीही भरतं हो, गोम बाणात असते.

तुमचा पहिलाच बाण घ्या. खोली उघडली की मुली येतील. तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं? आमच्या वर्गात नळ आला की अर्ध्या पोरी गायब, हंडे भरायला त्याच. हजेरीपत्रकात 'गैरहजर', शिक्षिकांच्या मते 'अभ्यासाची गोडी नाही'. आयांशी बोलून वेळ पुढे ढकलली, तेव्हा पोरी टिकल्या. म्हणून 'या वेळेत मुली मोकळ्या असतात' हे गृहीतक म्हणून लिहा आणि पहिल्याच महिन्यात तपासा.

आणि सगळा निकाल स्वतःच्या खात्यात टाकू नका. मुली शाळेत जातात, काही क्लासलाही. जूनमध्ये छोटी चाचणी घेऊन ठेवा, नाहीतर मार्चच्या गुणांची तुलना कशाशी करणार?

चेंबूरचा_पांडू
पण त्यांच्या तक्त्यात गृहीतकांना रकानाच नसतो.

मानखुर्दची ताई
मग खाली जोडा. यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेसाठी १९६९ च्या सुमारास बनलेल्या लॉगफ्रेममध्ये, म्हणजे अशाच तक्त्यात, गृहीतकांचा रकाना होताच, आपण काही जगावेगळं करत नाही. आणि बाहेरच्या संस्थेकडून परिणाम तपासण्याच्या सक्तीला घाबरू नका. २०२१ च्या सीएसआर नियमांत ती मोठ्या कंपन्यांच्या १ कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या प्रकल्पांना आहे.

गोवंडीकर
पाणी साडेसहाला येतं, म्हणजे वेळेचा विचार करायलाच हवा. पण प्रवेश झाले का हे कळायला ऑगस्ट उजाडेल आणि आमचा प्रकल्प मार्चला संपतो.

मानखुर्दची ताई
एप्रिल ते ऑगस्ट एका ताईचं अर्धवेळ मानधन आणि फोनचं रिचार्ज आत्ताच इनपुटमध्ये घाला. मुलींबरोबर आईचाही नंबर घ्या. सुट्टीत गावी गेल्या की पोरींचे नंबर बदलतात.