ताईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा : भरपाई मागावी का, कुठे मागावी?

रानजाई

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून लिहितेय. प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीचा आहे. वय ४२. घरीच ब्लाउज, ड्रेस शिवते. दाजी शेती करतात.

गेल्या मार्चमध्ये तालुक्यातल्याच एका खाजगी हॉस्पिटलमध्ये तिचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. तिसऱ्या दिवशी घरी सोडू म्हणाले, सोडलंही. पण घरी आली तीच पोट फुगलेलं घेऊन. उजव्या बरगडीखाली इतकं दुखायचं की आडवं होता येईना, रात्रभर भिंतीला टेकून बसायची. दाजींनी दुसऱ्याच दिवशी परत नेलं तर गॅस धरलाय म्हणून इंजेक्शन देऊन पाठवलं. मग ताप आला, मग डोळे पिवळे. पुन्हा नेलं, सलाईन लावून पुन्हा घरी. सोनोग्राफी करा असं मी स्वतः म्हटलं, तेव्हा ‘ऑपरेशननंतर पोटात थोडं पाणी दिसतंच’ एवढंच उत्तर मिळालं. आठवडा उलटला तशी आम्ही आमच्याच मनाने गाडी केली आणि तिला पुण्याला नेलं.

पुण्यात पोटात साचलेलं पित्त काढलं, नळी टाकली. मुख्य पित्तनलिकेला इजा झाली आहे असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, डिस्चार्ज कार्डावर तसं लिहूनही दिलं. पुढे दोन-अडीच महिन्यांनी मोठं ऑपरेशन करून नलिका आतड्याला जोडली. खर्च पावणेसहा लाखांच्या घरात गेला. दोन दुभत्या म्हशी विकल्या, सोसायटीचं कर्ज थकलं.

आता ती बरी झाली असं लोक म्हणतात. मला तसं दिसत नाही. मशीनवर थोडा वेळ बसली की पोटाला हात लावून उठते. मध्येच थंडी वाजून ताप येतो. लग्नसराईचं काम तिने या वर्षी घेतलंच नाही.

पहिलं हॉस्पिटल डिस्चार्ज कार्डाशिवाय एकही कागद देत नाही. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून एक ओळखीचे गृहस्थ घरी आले : ५० हजार घ्या आणि ‘काही तक्रार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या. दाजींचं मन तिकडे झुकलंय. म्हणतात, दवाखाना गावातला, उद्या पोरं आजारी पडली तर कुठे जायचं? मी त्यांना थोडं थांबा म्हणून हात जोडलेत.

दावा करता येतो का? कुठे? वकिलाचा खर्च आमच्याच्याने होईल का? आणि डॉक्टरांच्या विरोधात डॉक्टर बोलतील का?

कडुलिंब

आधी पोलिसांत गुन्हा नोंदवा. एकदा आत गेले की लाखो रुपये स्वतः घेऊन येतील.

दप्तरी

कडुलिंब, राग समजतो, पण हा सल्ला या बाईंना महागात पडेल. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, निःपक्ष मत घ्यावं, आणि उठसूट अटक करू नये. शिवाय फौजदारीत साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. भरपाईसाठी तेवढं सिद्ध करावं लागत नाही.

रानजाई, मी एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी करून निवृत्त झालो. कपाटांतून केसपेपर काढणं आणि परत लावणं हेच माझं काम होतं. कोर्टाकडून मागणी आली की गठ्ठा मीच काढून द्यायचो. त्यामुळे तुमच्या बाकी प्रश्नांआधी कागदांचं बोलतो.

कागद मागणं हा ताईंचा हक्क आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपावं लागतं आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या बाबतीत ‘जुनं आहे, सापडत नाही’ हे उत्तर चालत नाही. तोंडी मागू नका. अर्ज ताईंच्या सहीने करा. हॉस्पिटलच्या काउंटरवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. नाही दिला शिक्का, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना जाऊ द्या.

अर्जात नुसतं ‘सर्व कागद’ लिहू नका, कारण मग सर्व म्हणून चार पानं हातात पडतात. एकेकाचं नाव घ्या : भरतीचा कागद, संमतिपत्र, भूलतज्ज्ञांची नोंद, ऑपरेशनच्या नोट्स, नर्सिंगचा चार्ट (ताप, नाडी, रक्तदाब त्यातच असतो), रक्त-लघवीचे रिपोर्ट, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असेल तर तेही. डिस्चार्जनंतर ज्या-ज्या वेळी परत गेलात त्या ओपीडीच्या नोंदी वेगळ्या लिहून मागा. त्या बहुतेक दुसऱ्या रजिस्टरला असतात आणि हमखास राहून जातात.

मिळतील तेव्हा प्रत्येक पानाचा फोटो त्याच जागी काढून ठेवा. शाई वेगळी दिसते, नोंदीची वेळ नंतर कोंबून बसवलेली दिसते. मी अशी पानं पाहिली आहेत. नाही दिले तरी खचू नका. ७२ तास उलटूनही कागद न देणं हे ग्राहक आयोगासमोर मांडायला स्वतंत्र मुद्दा होतं.

आणि त्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. दाजींना माझ्या वतीने सांगा, ५० हजार पुण्याच्या खर्चाचा दहावा हिस्साही नाहीत.

टाका

मी सर्जन आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करतो. हे ऑपरेशन नेहमी करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. काही भाग तुम्हाला आवडणार नाही.

पित्तनलिकेला इजा हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे. सूज असेल, नलिकेची ठेवण वेगळी असेल, तर चांगल्या, सावध हातांतूनही ती होते. त्यामुळे ‘नलिकेला इजा झाली म्हणजे निष्काळजीपणा’ एवढ्यावर दावा उभा केलात तर समोरची बाजू पाठ्यपुस्तकं उघडून दाखवेल, आणि त्यात त्यांचं चूक नसेल. ऑपरेशन नोट्स आल्या की मात्र पाहा : कापण्याआधी पित्ताशयाची नळी आणि धमनी नीट वेगळी करून ओळखली असं लिहिलंय का? अवघड वाटलं तेव्हा पोट उघडून करण्याचा विचार झाला का?

तुमचं खरं बळ ऑपरेशननंतरच्या आठवड्यात आहे. पोट फुगलंय, उजवीकडे असह्य दुखतंय, ताप आहे, डोळे पिवळे झालेत. पित्ताशय काढलेला रुग्ण अशा अवस्थेत परत आला की पित्त गळतंय का, नलिका अडलीय का, ही शंका पहिली यायला हवी. त्यासाठी रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) तपासणं आणि सोनोग्राफी तालुक्यातही होते. शंका पक्की झाली की एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेची तपासणी-उपचार) यांची सोय असलेल्या ठिकाणी पाठवायचं. इजा होणं कधीकधी टळत नाही. पण रुग्ण पुन्हा-पुन्हा दारात येत असताना न तपासता घरी पाठवणं टाळता येतं. उशीर होतो तेवढा पोटात जंतुसंसर्ग वाढतो आणि पुढची दुरुस्ती अवघड होते.

डॉक्टर बोलतील का, असं विचारलंत. गावातला शेजारी दवाखानेवाला बोलणार नाही, त्याला अडचणीत आणू नका. पुण्याच्या डॉक्टरांना ‘त्यांची चूक होती असं लिहून द्या’ असंही म्हणू नका. ताई पोचल्या तेव्हा काय अवस्था होती, पोटातून किती पित्त निघालं, बिलिरुबिन किती होतं, इजा कोणत्या प्रकारची होती, एवढं त्यांच्या रेकॉर्डवरून मागा. ते द्यायला कुणाची हरकत नसते, आणि त्यातून पुरेसं कळतं.

अजून एक, हे दाव्यापेक्षा तातडीचं. थंडी वाजून येणारा ताप अंगावर काढू नका. जोडलेली नलिका अरुंद झाली की असा ताप येतो. पुण्याला दाखवा, या आठवड्यातच.

चंद्रभागा

मी जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, तेव्हा तुमच्यासाठी सोलापूरचा जिल्हा आयोग. त्याची मर्यादा ५० लाखांची आहे आणि ती मोजतात सेवेसाठी भरलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तुमची तक्रार पहिल्या हॉस्पिटलच्या सेवेची आहे, त्यामुळे त्यांचंच बिल धरायचं.

मुदत २ वर्षं. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. गोव्यातल्या एका नर्सचं प्रकरण आम्हा वकिलांना पाठ आहे : १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचंच ऑपरेशन झालं, दुखणं सुरूच राहिलं, २००२ मध्ये पोटातून गॉज (ऑपरेशनात रक्त टिपायचं जाळीदार कापड) निघाला, २००४ मध्ये तक्रार केली. गॉज निघूनही सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असताना आधीच शोध घ्यायला हवा होता. तुमच्याकडे वेळ आहे, पण बोलणी, मध्यस्थ, ‘पुढच्या महिन्यात बघू’ यात तो निघून जातो. बोलणी चालू होती म्हणून मुदत वाढत नाही.

दप्तरींनी सहीबद्दल सांगितलं तेच मी सांगेन. ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहून दिलेला कागद पुढे तुमच्याच विरोधात दाखवतात. ऑपरेशनआधीच्या संमतिपत्राला मात्र घाबरू नका. धोका मान्य करणं म्हणजे हलगर्जी मान्य करणं नव्हे.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये किशन राव प्रकरणात म्हटलंय. तुमच्या प्रकरणात ते असलेलं बरं. आयोगाला अर्ज करून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मत मागवता येतं.

रकमेबद्दल. चुकीच्या उपचाराने रुग्ण दगावल्याच्या कोलकात्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाकडून २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी मिळाले, पण मृत्यू १९९८ चा आणि लढा १५ वर्षांचा. तो आकडा मनात धरू नका. झालेला खर्च, पुढचा औषधोपचार, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, बुडालेली कमाई, सोसलेला त्रास असे भाग पाडून मागायचं. मोटार अपघातात ४२ वयाला १४ चा गुणक ठरलेला असतो, म्हणजे वर्षाच्या बुडालेल्या कमाईला १४ ने गुणतात. वैद्यकीय प्रकरणात तो तसाच लावणं कोलकात्याच्याच निकालात कोर्टाने नाकारलं. म्हणून ताईंची कमाई कागदावर दिसणं महत्त्वाचं. शिवणाऱ्या बाईला पगाराची स्लिप नसते म्हणून ‘गृहिणी’ लिहून मोकळे होतात. तसं होऊ देऊ नका.

वकिलाचा खर्च : विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच समितीचं कार्यालय असतं. अर्ज ताईंच्या नावाने करा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दाजींना तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. ताई ऐकत होती. इतके दिवस ती म्हणायची, माझं नशीब. काल पहिल्यांदा म्हणाली, ‘मी डोळे पिवळे झाल्याचं त्यांना आरशात बघून सांगितलं होतं, ते लिहा.’ अर्जावर तिनेच सही केली. काउंटरवर शिक्का दिला नाही, म्हणून पोस्टाने पाठवला. त्या गृहस्थांना दाजींनीच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

पुण्याची तारीख परवाची मिळालीय.

परत-परत गेल्याचा पुरावा शोधला. ओपीडीचा कागद एकच आहे, पण हॉस्पिटलच्या मेडिकलमधली इंजेक्शनची बिलं पिशवीत सापडली, तारीख आणि वेळ छापलेली. ताईच्या शिवणाच्या वह्या आहेत, मागच्या चार-पाच वर्षांच्या. गिऱ्हाइकाचं नाव, मापं, शिलाई, बाकी, सगळं तिच्या हाताने लिहिलेलं. हे चालेल?

टाका

बिलं फार मोलाची आहेत. कोणती इंजेक्शनं होती ते पाहा. अँटिबायोटिक असेल, तर ‘नुसता गॅस होता’ हे म्हणणं टिकत नाही.

चंद्रभागा

वह्या चालतील. मूळ वह्या कुणालाही देऊ नका, झेरॉक्स जोडा. मार्चआधीची आणि नंतरची पानं शेजारी ठेवली की कमाई किती घटली ते दिसेल. चार-पाच नेहमीच्या गिऱ्हाईक बायकांची शपथपत्रं घ्या. अस्तर-दोऱ्याची घाऊक बिलं असतील तर तीही.

कागदांची ७२ तासांची वाट पाहा, मग मोफत वकिलाकडून नोटीस पाठवा, आणि उत्तर येवो न येवो, तक्रार दाखल करा. तक्रारीवर आयोगाची नोटीस लागल्यावर समोरच्याला लेखी उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ते पक्कं केलंय. ४६ व्या दिवशी उत्तर आलं तर ते घेऊ नये असं आयोगाला त्याच दिवशी लेखी द्या.